वरच्या आळीला सिग्नल नाही

आमच्या रोक्कास्पीना गावात असं एकही छप्पर नव्हतं, ज्यावर एर्मेते कोलांतोनिओ चढला नव्हता. चाळीस वर्षं तो लोकांच्या टीव्हीचे अँटेने बसवत होता. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. माणूस कमी बोलायचा, आणि जे बोलायचा तेही बहुतेक कौलांवरून.

"आता?" वरून विचारायचा.

"मुंग्या आहेत," खालून घरातली बाई सांगायची.

"आता?"

"आता बातम्यावाल्याला दोन नाकं दिसतायत."

"मग चालेल. या डोंगरात एका नाकाचा माणूस कुणालाच मिळत नाही."

जुन्या सिग्नलचं तसंच होतं. कमी आला तर चित्र पुसट यायचं, पण यायचं. मग सरकारने तो बंद करून डिजिटल आणला. त्याची तऱ्हा वेगळी. पुरेसा आला तर चित्र आरशासारखं लख्ख. जरा कमी पडला की चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा आणि मग नुसता काळा पडदा.

खालच्या आळीतली घरं मिस्त्रीने पंधरवड्यात लावून दिली. कुठे केबलमध्ये पाणी शिरलं होतं, कुठे जोड गंजला होता, कुठे जुना बूस्टर इतका जोर लावत होता की टीव्हीला जोडलेल्या नव्या डिजिटल डब्याला काही कळेनासं व्हायचं. तो काढून टाकला की चित्र येई. वरच्या आळीतली तेवीस घरं मात्र ऐकेनात. ती कड्याच्या आडोशाला. सिग्नल समोरून थोडा यायचा आणि कड्यावर आपटून पुन्हा थोडा यायचा, आणि दोन्ही एकमेकांत कालवले जायचे. सकाळी लावलेलं दुपारी ऊन तापलं की जायचं.

चौकात माझं कॉफी-दारूचं दुकान आहे, त्यामुळे गावाची कुरकुर आधी माझ्या कानावर येते. निवृत्त पोस्टमन आमेरिगो सगळ्यांत पुढे. मिस्त्री आत आला की तो म्हणायचा, "चाळीस वर्षं नाकं मोजलीस, आता चौकोन मोज." लोक हसायचे. मीही हसायचे.

मिस्त्रीने मीटर घेऊन तेवीसही घरांवर सकाळ-दुपार-संध्याकाळ मोजणी केली आणि आकडे राजधानीतल्या खात्याला पाठवले. चार महिन्यांनी खात्याची गाडी आली, सोबत एक साहेब. साहेबाने गाडीच्या टपावरचा खांब दहा मीटर उंच केला, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "सिग्नल उत्तम आहे."

"आमची छपरं सहा मीटरवर आहेत, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"मोजायचा नियम दहा मीटरचा आहे."

"मग घरं उचलून धरू का?"

साहेबाने खांब खाली घेतला आणि गाडी वळवली. पंचायतीच्या फळ्यावर अहवाल लागला: सिग्नल पुरेसा, दोष अँटेना बसवण्यात. बसवणारा गावात एकच होता.

त्या उन्हाळ्यात मिस्त्रीने स्वतःच्या खर्चाने कड्याच्या माथ्यावर बारा मीटरचा लोखंडी पाइप उभा केला. तीन बाजूंनी तारांचे ताण दिले, वर अँटेना लावला आणि तिथून भिंती-भिंतींनी तेवीस घरांत केबल नेली. सहासष्ट वर्षांचा माणूस, एकटा. सप्टेंबरात एका रविवारी सकाळी सगळीकडे चित्र आलं. कोंचेझियाबाई कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. तिला टीव्हीवरच्या प्रार्थनेचाच आधार. ती म्हणाली, "अरे मिस्त्री, पाद्रीला एकच नाक आहे की." तेवढाच काय तो त्याचा सत्कार. आमेरिगो म्हणाला, "हे आधीच करायला काय झालं होतं?"

ऑक्टोबरात किनाऱ्याकडून लोरिस नावाचा माणूस आला. डिश विकायचा. गोड बोलणारा. सिग्नल नसलेल्या वस्त्यांना सरकार फुकट डिश देतंय, शंभर वाहिन्या, कागदपत्रं मी करतो, म्हणाला. फक्त एक अडचण.

"तो खांब उभा आहे तोवर तुम्हाला सिग्नल नाही असं कोण म्हणेल? पाहणीला आलेला माणूस आधी तोच बघणार."

मग अर्ज तयार झाला. खांब विनापरवाना आहे, वाऱ्यात घरांवर पडेल, काढून टाकावा. तो कागद दोन दिवस माझ्याच टेबलावर होता. कोंचेझियाबाईने सही दिली नाही. बाकी बावीस घरांनी केली. माझं घर वरच्या आळीतच आहे. मीही केली.

नोटीस लागली त्या दिवशी मिस्त्री दुकानात आला. नोटिशीला अर्जाची प्रत जोडलेली होती. त्याने कॉफी मागितली आणि उभ्या-उभ्या सगळी नावं वाचली.

"तुझं अक्षर छान आहे, नुन्झियाता," तो म्हणाला. "बाकीच्यांचं लागत नाही."

कॉफी तशीच ठेवून तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याने एकट्यानेच खांब उतरवला. मदतीला कुणी गेलं नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

डिसेंबरात सरकारचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर. दहा मीटरवर सिग्नल आहे अशी नोंद असल्याने ही वस्ती योजनेत बसत नाही. खांबाचा त्यात उल्लेखही नव्हता. तो असता काय, नसता काय, फरक पडणारच नव्हता. लोरिसने फोन उचलणं बंद केलं.

बर्फ पडलं तशी वरची आळी मुकी झाली. जानेवारीत आमेरिगो आणि मी मिस्त्रीकडे गेलो. तो परसात होता. पाइपाचे कापून तुकडे केले होते आणि द्राक्षाच्या मांडवाला खांब म्हणून रोवले होते.

"दुसरा पाइप आणू," आमेरिगो म्हणाला. "परवानगीचं मी बघतो."

"बघ की. चढायला माणूसही बघ."

"मिस्त्री, चूक झाली आमची."

"चूक माझी. फळ्यावर लिहिलंय ना."

मी म्हटलं, "निदान कोंचेझियाबाईसाठी तरी."

"तिच्याकडे मी रोज जातो," तो म्हणाला. "पेपर वाचून दाखवतो. ती म्हणते, चित्र नसलं तरी बातम्या तेवढ्याच वाईट आहेत." मग त्याने आमच्याकडे पाठ केली आणि मांडवाची तार ओढायला लागला.

कोंचेझियाबाई ईस्टरच्या आधी गेली. लोकांनी एकेक करून स्वतःच्या पैशाने डिश घेतल्या. आता वरच्या आळीत शंभर वाहिन्या आहेत. मिस्त्री त्यानंतर तीन वर्षं जगला, पण पुन्हा कुणाच्या छपरावर चढला नाही. माझ्या दुकानाची पायरीही चढला नाही. रस्त्यात भेटला तर टोपी उचलून "नमस्कार, बाई" म्हणायचा, परक्या प्रवाशाला म्हणावं तसं. मी का सही केली, हे त्याने कधीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर माझ्याआधी सात जणांनी केली होती, एवढंच सांगता आलं असतं.