रानभाज्यांचा ब्लॉग

बारामतीहून इंदापूरला जाताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. उसाचं रान आलं की मान लांब करून ओळींमधल्या सऱ्या न्याहाळायची आणि मोबाईलवर अंगठ्यानं काहीतरी लिहायची.

“काय लिहिताय एवढं?” मी विचारलंच. मला कुठं गप्प बसवतंय.

“ब्लॉग हाय माजा, आक्का. उसात उगवती ती पाथरी, तांदुळजा, घोळ. भाजी कशी वळकायची, कशी करायची, ते लिवते. हौस म्हणून. आता एक जाहिरात आलीया, दर म्हयन्याला पैसं देत्यात. घरचे म्हणत्यात, घे, फुकट किती लिवशील?”

“मग घ्या की,” मीही म्हटलं.

“तणनाशकाची हाय.” ती कपाळ चोळत राहिली. “एकजण माजं वाचून भाजी खुडणार, दुसरा तितंच औषधाची जाहिरात बघून फवारणार. ती भाजी कुणाच्या पोटात जायची?”

तिनं जाहिरातवाल्यांना ‘नको’ असं लिहून पाठवून दिलं.

कळंबला उतरताना म्हणाली, “आता घरी बोलणी खायची.” हौस फुकटची असते, असं आपण म्हणतो. तिची नव्हती, तिच्यापायी दर महिन्याचे पैसे सोडले होते, तरी ती झपाझप चालत गेली.