लिंबूटिंबूची पोझिशन

मंडळी, आज सकाळी आमच्या लीड्सच्या किचनमध्ये कॉलेजची फुटबॉल टीम ठरत होती.

माझी लेक इरा यंदा मुलींच्या टीमची कॅप्टन आहे. पुढच्या आठवड्यात सीझन सुरू होतोय आणि जुनी गोलकीपर युनिव्हर्सिटीला गेली. यादीत उरली फक्त एमी, नवीन आलेली. तिचा फोटो बघून मी बोलून गेले, "ही तर अगदीच लिंबूटिंबू दिसते."

"आई, लिंबूटिंबू कुठली पोझिशन असते?"

मी समजावलं, की खेळात सगळ्यात लहान तो लिंबूटिंबू. त्याला खेळायला घेतात, पण आउट झाला तरी आउट धरत नाहीत.

"म्हणजे तो कधीच आउट नसतो? मग एमी गोलमध्ये."

दुपारी प्रॅक्टिस मॅच बघायला गेले. एमीने तीन गोल खाल्ले. प्रत्येक वेळी इरा ओरडायची, "लिंबूटिंबू, नॉट आउट." चौथा शॉट एमीने पोटावर अडवला, तेव्हा अख्खी टीम तेच ओरडली.

तुमच्या गल्लीत लिंबूटिंबू कोण होतं? आमच्या गल्लीत मीच. तेव्हा हा शब्द ऐकला की रडत घरी यायचे. ती पोझिशन असते, हे आज कळलं.