मधला नको, असा निरोप

शिलाईच्या दुकानात काज करणाऱ्या ताईला सिनेमातलं काही कळत नाही, असं तिच्या नवऱ्याचं मत होतं आणि तिच्या भावाचंही. आयुष्यात त्या दोघांचं एकमत झालेल्या दोनच गोष्टींतली ही एक, म्हणून ताईही तिला धक्का लावत नसे.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. ते पुढच्या खोलीत मशीनवर बसायचे. भाऊ म्हणजे कटरमामा. तो मागच्या खोलीत लांबलचक टेबलावर कापड पसरून कापायचा. दोन खोल्यांच्या मधे दाराशी ताईचं स्टूल. हातात सुई, मांडीवर कुणाचा तरी कोट, आणि डोक्यावरून दोन्ही बाजूंनी उडणारे शब्द.

दोघांपैकी एकालाही दारूचं, तंबाखूचं व्यसन नव्हतं. असतं तर परवडलं असतं. त्यांना नाद होता तीन-तीन भागांच्या सिनेमांचा. मागच्या खोलीत फळीवर टीव्ही होता. जेवणाच्या सुट्टीत तो लागायचा आणि ताईची भाजी त्याच्यापुढे निवत पडायची.

मास्तर मुकुटाच्या पार्टीचे. त्यांच्या तीन भागांत एका राज्याचा मुकुट हरवतो आणि दाढीवाले लोक तो शोधायला डोंगर चढतात. मग उतरतात. मग दुसरा चढतात. मामा यानाच्या पार्टीचा. त्याच्या तीन भागांत एक यान आभाळात भरकटतं, दुसरं त्याला शोधायला जातं आणि तिसरं त्या दोघांना.

"दोन्हीकडे हरवलेलंच शोधतात ना?" ताईने एकदा विचारलं. "माझी कात्री रोज हरवते. तिचे कुणी तीन भाग काढले नाहीत."

"तुला नाही कळायचं," दोघं एका सुरात म्हणाले.

वाद घालायचे तेही शिंप्यासारखेच. "तो म्हाताऱ्याचा झगा बघ," मास्तर म्हणायचे. "खांद्यावरून कसा पडलाय! आणि तुझ्या यानवाल्यांच्या अंगावर एक बटण दाखव. काज नाही, खिसा नाही. माणसाने थंडीत हात घालायचे कुठे?"

"आणि डोंगर चढायला पायघोळ झगा कोण घालतं, भावोजी? पायात येऊन पडला असता म्हातारा पहिल्याच भागात."

"म्हणजे जेवण गरम मिळालं असतं," ताई म्हणायची.

तीन भागांचा सिनेमा म्हणजे थ्री-पीस सूट, हे मात्र दोघांनाही मान्य. दुकानात पँटला म्हणायचे खालचा, वेस्टकोटला मधला आणि कोटाला वरचा. सिनेमाच्या तीन भागांनाही क्रमाने तेच. खालच्यावर सगळं उभं. वरचा लोकांच्या डोळ्यात भरतो. मधला मात्र कुणाला फारसा लागत नाही, पण तो नसला तर सूट म्हणत नाहीत.

लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं, जावयाचा सूट घरचाच शिवायचा होता, आणि नेमका त्याच सोमवारी मास्तरांना यानाच्या शेवटच्या भागाबद्दल एक शब्द सुचला.

"रेडिमेड आहे," ते म्हणाले.

शिंप्याच्या दुकानात याहून घाण शिवी नाही. मामाने कात्री खाली ठेवली. टीव्ही बंद केला.

"ताई, यांना सांग. पगाराचा माणूस आहे, कापड कापीन. पण हा शब्द मागे घेतल्याशिवाय लग्नाच्या मांडवात पाय ठेवणार नाही."

"अरे, ते तुझ्या समोरच बसलेत."

"तू सांग."

"तिला म्हणावं, तुझ्या भावाला सांग," मास्तर म्हणाले, कुणाला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, "शिंपी खोटं बोलत नसतो."

झालं. ताई त्या दिवसापासून टपाल झाली. लेक संध्याकाळी ऑफिसातून आली, तिने सगळं ऐकलं आणि चपला न काढताच बसली. "आई, मला अंगाखांद्यावर खेळवलं मामाने. तो नाही आला तर मी फोटोत हसणार नाही. बघ हं." ताईला पोरीचा स्वभाव माहीत होता. तिने म्हटलं तर खरंच हसली नसती, आणि ते फोटो जन्मभर भिंतीवर राहिले असते.

म्हणून ताई निरोप अगदी जपून नेऊ लागली. पदरचा एक शब्द घालायचा नाही, काढायचा नाही. बुधवारी मामाने जावयाचं राखाडी कापड टेबलावर पसरलं आणि ती मापं घेऊन आत निघाली, तेवढ्यात मशीनवरून मास्तर ओरडले, "आणि सांग त्याला, मधला उगाच केलाय. लांबण नुसती! खालचा आणि वरचा, दोन पुरे होते."

मास्तरांच्या मनात यान होतं. ताईच्या हातात जावयाची मापं होती. तिने दोन्ही नेऊन टेबलावर ठेवली. "छाती एवढी, कंबर एवढी. आणि म्हणतात, मधला उगाच. खालचा आणि वरचा पुरे."

"सख्ख्या जावयाला मधला नाही?" मामा पुटपुटला. "मुकुटवाल्यांची ही दानत." पण वाद घालायचा तर बोलावं लागलं असतं. त्याने मुकाट्याने पँट आणि कोट कापला, आणि उरलेल्या कापडाचं टीव्हीला कव्हर केलं. पुढे झडप, कडेला दुहेरी शिलाई. टीव्ही एवढा देखणा कधी दिसला नव्हता. मास्तरांनी येता-जाता ते पाहिलं, पण विचारायचं कुणाला? अबोला होता.

शुक्रवारी मास्तरांनी कोटाची शेवटची शिवण घातली आणि हात पुढे केला. "मधला दे म्हणावं."

"मधला नको म्हणालात ना?" ताई म्हणाली.

"मी? कधी?"

"बुधवारी. उगाच लांबण, म्हणालात."

"अगं, तो सिनेमाचा!"

ताईने तोंडावर हात ठेवला. मामा दारात आला. तिघांनी एकदमच फळीवरच्या टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही राखाडी सुटात ऐटीत बसला होता.

जावई ट्रायलला दुपारी येणार होता.

कव्हर उतरवलं, उसवलं, इस्त्री केलं. मधल्याची पाठ अस्तराचीच असते, म्हणून पुढचे दोन तुकडे निघाले की भागणार होतं. मामाने खडूने आखायला घेतलं. आता निरोपावर काम चालेना, कारण ताई एक काज धरून बसली होती आणि तिने मान वर करायला साफ नकार दिला.

मास्तर थोडा वेळ घुटमळले. मग आत गेले. "बगलेत जरा जास्त सोड."

"सोडलंय."

"झडपेची शिलाई दिसेल."

"आतल्या अंगाला घेतो, भावोजी. शिकवू नका."

ताईने कान टवकारले. शिकवू नका म्हणजे बोलणं सुरू झालं. पण रेडिमेड अजून मधे तसाच पडला होता, आणि त्याला ना हा उचलत होता ना तो.

जावई आला, लेकही सोबत होती. तिन्ही अंगाला बसले. मास्तर मागे सरकून बघू लागले, मामाने त्याची कॉलर ओढली आणि जणू सहजच विचारलं, "काय जावईबापू, तुम्ही मुकुटाचे की यानाचे?"

लेकीने डोळे मिटून घेतले.

"मी नाही बघितले हो," जावई आरशात बघत म्हणाला. "तीन-तीन भाग? एवढा वेळ कुणाला असतो? मोबाईलवर दहा मिनिटांत अख्खी गोष्ट सांगतात. सहाही भागांची मिळून."

मामाच्या हातातून कॉलर सुटली.

"भावोजी," मामा हळूच म्हणाला. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"रेडिमेड."

"अगदी रेडिमेड," मास्तर म्हणाले. "तुझा तिसरा भाग याच्यापुढे हाताने शिवलेला वाटतो रे मला."

"लग्नाला मी सकाळपासूनच येतो," मामा म्हणाला. "याला एकट्याने सांभाळणं तुमच्याने व्हायचं नाही. मग सुट्टी बघून टीव्हीपुढे बसवू. आधी यान."

"आधी मुकुट!"

लेक हसायला लागली ती थांबेना. ताईने शेवटच्या काजाचा दोरा दाताने तोडला, मधला जावयाच्या अंगावर सारखा केला आणि त्याच्या कानाशी गेली.

"दहा मिनिटांत, म्हणालात ना? कुठे लागतं ते? मलाही दाखवा."