डोळे मिटून केलेला हात

निवृत्तीनंतर वर्षभरातच माझा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. फिजिओथेरपिस्ट मुलीनं मनगटाला एक पट्टा बांधला. तो फोनला जोडलेला. हात योग्य मार्गानं चालला, की फोनमधून बासरीसारखा सूर चढत जायचा. वाट चुकली, की घरघर. पूर्ण वर पोचला, की टिंग.

"काका, डोळे बंद ठेवायचे. हाताला कानानं रस्ता दाखवायचा. रोज ट्वेंटी टाइम्स," ती म्हणाली.

धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी रोज सकाळी सातला खुर्ची टाकून बसू लागलो. ऐकू यायची ती घरघरच. "अहो, खालून विचारतायत, दळण कधी मिळेल," बायको आतून म्हणायची.

आठव्या दिवशी बेल वाजली. दारात समोरच्या इमारतीतले गृहस्थ. गाडी लावण्यावरून भांडण झाल्यापासून सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

"आपण रोज सकाळी मला हात करता," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "दोन दिवस मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, वयानं नमले असतील. मीही हात केला. तेव्हापासून मी हात करतोय आणि आपण डोळे मिटून बसताय. अपमान करायला एवढं लवकर उठता?"

मी पट्टा दाखवला, सगळं समजावलं.

"माझा हात माझं ऐकतो. फोनचं कशाला ऐकेल?" असं म्हणून त्यांनी पट्टा स्वतःच्या मनगटाला बांधला, डोळे मिटले. सूर सरळ चढत गेला. टिंग! पहिल्याच फटक्यात. मला इतका राग आला, की चहा विचारायचं राहिलं. बायकोनं विचारला.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सातला हजर. आधी वीस वेळा मी, मग वीस वेळा ते. वर सूचना: "हात एवढा ताठ कशाला? मान ताठ आहे तेवढं पुरे."

पंधरा दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. पट्ट्याची सगळी नोंद तिच्याकडे जात होती. "काका, अमेझिंग! रोज चाळीस करताय, आणि शेवटचे वीस तर परफेक्ट! तुम्ही बरे झालात. पट्टा परत आणून द्या."

मी घुटमळलो. गृहस्थ शेजारीच बसून ऐकत होते. "खरं सांगा," ते म्हणाले. "माझ्या मार्कांवर पास होऊ नका."

सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी कुणाचा खांदा बरा करत होते?"

माझा खांदा सुटायला आणखी दोन महिने लागले. ते रोज येत राहिले, पट्ट्याला हात न लावता. अखेर एका सकाळी माझ्या हातानंही टिंग वाजवलं. बायको पोळी तव्यावर सोडून धावत आली. मी डोळे उघडले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून मनापासून हसलो.

"अभिनंदन," ते म्हणाले. "पण डावीकडे झुकून केलंत. त्या मुलीला कळवावं लागेल."