पास्टर रणदिव्यांचा अर्धा दृष्टांत

पास्टर मधुकर रणदिवे चहा बशीत ओततात आणि बोलण्याच्या नादात रिकामा कप तोंडाला लावतात. चर्चच्या दारात चपला काढतात आणि जाताना हमखास दुसऱ्याच्या घालून जातात. फोन आला की उभं राहून बोलतात. रविवारी उपासनेआधी खुर्च्या स्वतः मांडतात. प्रत्येक खुर्ची एकदा हलवून बघतात, कारण पूर्वी एक मोडली होती आणि तिच्यावर चर्चचे खजिनदार बसलेले होते. एरवी वऱ्हाडी बोलतात, रागावले की शुद्ध मराठी. आणि संदेश, म्हणजे रविवारचं प्रवचन, देताना मालगाडी आली की तर्जनी वर करून थांबतात.

सिंदी रेल्वे या गावातलं त्यांचं लहानसं चर्च रुळांच्या अगदी कडेला आहे. गाडी आली की काचा थरथरतात, कोणाला काही ऐकू येत नाही. पास्टर बोट वर करतात. मुलं डबे मोजतात. गाडी गेली की बोट खाली येतं आणि वाक्य जिथं सुटलं होतं तिथूनच पुढं चालू होतं. ‘प्रभूने त्याला...’ मालगाडी. ‘...हाक मारली.’ एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. याचं नवलच वाटतं.

लोकांना त्यांचा संदेश आवडतो तो दृष्टांतांमुळे. हे दृष्टांत त्यांना शोधायला जावं लागत नाही, घरातच मिळतात. बायकोचा, लीनाबाईंचा कुकर, स्वतःची घसरलेली स्कूटर, आणि मुलगी. प्रेरणानं सातवीत असताना पोळीखाली कोहळ्याची भाजी लपवली, तर पुढच्या रविवारी ती ‘देवापासून काही लपत नाही’ या विषयात आली. अजूनही बाजारात कोणी मावशी विचारते, “तूच का वो ती कोहळ्यावाली?”

ते तिनं हसण्यावारी नेलं. पण चार वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तिनं अजून मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. रविवारी पास्टरांनी धीर या विषयावर संदेश दिला आणि मोडलेलं लग्न दृष्टांतात सांगितलं. फार सुंदर संदेश झाला, असं सगळे म्हणाले. पुढच्या रविवारपासून प्रेरणा पहिल्या ओळीतून उठून शेवटच्या खुर्चीवर बसू लागली. पास्टरांना वाटलं, पंख्यासाठी बसत असेल.

आता तिचं लग्न पुन्हा ठरलं होतं. मुलगा वर्ध्याचा, धीरज. घरात तुरीच्या शेंगा सोलणं चाललं होतं आणि पास्टर बेत सांगत होते.

“सोपं आहे. मी हिले हाताले धरून आणतो. समोर उभी करतो. व्यासपीठावर चढतो. विचारतो, या वधूला विवाहासाठी कोण देत आहे? मग खाली येतो, बाप म्हणून म्हणतो, मी. मग परत वर.”

लीनाबाईंच्या ओच्यातल्या शेंगा सांडल्या. “अन् मधात मालगाडी आली तं?”

“तं थांबू.”

लीनाबाई डोळे पुसत हसत होत्या. प्रेरणा हसली नाही.

“पप्पा, लग्न आर्वीचे देवेंद्रदादा लावतीन. मी विचारलं त्याइले.”

देवेंद्र म्हणजे आर्वीचा तरुण पास्टर. रणदिव्यांच्याच हाताखाली शिकलेला.

“काऊन? मी काय आजारी आहो?”

“तुम्ही पप्पा म्हणून या. पास्टर मले दर रविवारी भेटतात. जमत असंन तं सांगा, नाई तं मी मम्मीचा हात धरून येतो. अन् माझं लग्न रविवारी ऐकू यायले नाई पायजे.”

“म्हणजे?”

“दृष्टांतात.”

पास्टर ताठ झाले. “पाळकाचे कौटुंबिक जीवन हे मंडळीसमोर उघडे असावे, असे माझे मत आहे.”

“घ्या,” लीनाबाई म्हणाल्या, “रागावले.”

प्रेरणा शेंगांची टोपली उचलून आत गेली. लीनाबाईंनी हसणं थांबवलं. “ती पंख्यासाठी नाई बसत मागं,” त्या म्हणाल्या. “एकदा बसून पाहा तिथं.”

संध्याकाळी पास्टर चर्चमध्ये गेले. खुर्च्या मांडलेल्याच होत्या. ते आधी पहिल्या ओळीत, तिच्या जुन्या जागी बसले. समोर त्यांचंच व्यासपीठ. मग शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. इथून सगळ्या खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या. पहिल्या ओळीतली ती खुर्ची तर अगदी मधोमध. तिथं बसणाऱ्याची मान सगळ्या चर्चला दिसते, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. ते कायम समोरून बघत आले होते. धीराच्या संदेशाच्या रविवारी त्यांना फक्त लोकांचे ओले डोळे दिसले होते. ते डोळे कुठं लागले होते ते आता कळलं.

त्यांनी प्रार्थनेसाठी हात जोडले. इतरांसाठी त्यांना शब्द पटापट सुचतात. स्वतःसाठी एवढंच सुचलं, “बापा, मले जरा गप्प राहू दे.”

चर्चच्या पंचकमिटीत कुरबूर झालीच. सचिव प्रभाकरराव निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, “आपल्या पास्टरच्या पोरीचं लग्न, अन् लावणार आर्वीचा? लोक म्हणतीन, सिंदीवाल्याले येत नाई.”

“म्हणू द्या.”

“पण काऊन, साहेब?”

पास्टरांच्या ओठांवर एक छान दृष्टांत आला होता. त्यांनी तो गिळला. “पोरीनं सांगितलं म्हणून,” ते म्हणाले. कमिटीला हे कारण फारच साधं वाटलं. पण त्यावर वाद कसा घालायचा ते कोणाला सुचेना.

लग्नाच्या दिवशी प्रेरणा पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळीदार ओढणी घेऊन दारात उभी राहिली. तिनं वडिलांचा हात धरला. “पप्पा, चप्पल तुमचीच आहे ना?”

“आज बूट आहेत.”

“दोन्ही एकाच जोडीचे?”

त्यांनी खाली वाकून खात्री केली. मग दोघं निघाले. चर्च भरलेलं होतं. समोर देवेंद्र घाम पुसत होता. गुरूसमोर लग्न लावायचं म्हणून त्यानं सगळं पाठ केलेलं होतं.

“या वधूला विवाहासाठी कोण देत आहे?” त्यानं विचारलं.

कोणी बोललं नाही.

ही शांतता पास्टरांच्या ओळखीची होती. आजवर त्यांनी लावलेल्या कितीतरी लग्नांत वधूचा बाप इथंच अडकला होता. घसा भरून यायचा, नाहीतर वाक्यच आठवायचं नाही. अशा वेळी काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक. ते किंचित पुढं झुकले आणि हळूच, प्रेमानं म्हणाले, “‘मी’ म्हणा.”

देवेंद्र गोंधळला. “मी?”

“तुम्ही नाई. मुलीचे वडील.”

पहिल्या ओळीत लीनाबाईंनी पदर तोंडात धरला. पास्टर अजून बापाची वाट बघत उभे होते. ओढणीच्या आतून हसू आलं, मग आवाज आला, “पप्पा, तुम्हीच हो.”

पास्टरांनी खिडकीकडे पाहिलं. त्या वेळी एकही गाडी त्यांच्या मदतीला आली नाही.

“मी,” ते म्हणाले. मग पहिल्या ओळीकडे वळले. “म्हणजे... मी अन् हिची मम्मी.” आणि मग, विधीत कुठंच नसलेलं, फक्त तिच्यासाठी, “जाय बेटा.”

तिनं त्यांचा हात एकदा घट्ट दाबला आणि सोडला.

पुढच्या रविवारी प्रेरणा आणि धीरज माहेरी आले होते. उपासनेला आले. प्रेरणानं दारातून मागच्या ओळीकडे पाहिलं, शेवटची खुर्ची रिकामी होती. ती चालत पुढं गेली आणि पहिल्या ओळीत, जुन्या जागी बसली. बसण्याआधी खुर्ची हलवून बघितली.

पास्टर संदेशाला उभे राहिले. विषय होता, देव आपला पिता. मंडळी उत्सुक होती. लग्नाला सगळेच होते. ‘मी म्हणा’ आता कसं येतं, एवढंच बघायचं होतं. प्रभाकरराव तर आधीच हसत होते. संदेश रंगात आला, हात हवेत गेले, आणि पास्टरांच्या तोंडून निघून गेलं, “परवा माझ्या मुलीने...”

समोर प्रेरणाची मान खाली गेली.

पास्टरांची तर्जनी वर गेली.

मंडळी थांबली. मुलं खिडकीकडे वळली. रूळ रिकामे होते. काचा हलत नव्हत्या. दूर कुठं भोंगाही नव्हता. पास्टर बोट वर करून उभे होते. प्रेरणानं मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

बोट खाली आलं. “आपण गीत गाऊ या,” पास्टर म्हणाले आणि भलत्याच पट्टीत सुरुवात केली.

उपासनेनंतर प्रभाकररावांनी त्यांना दारात गाठलं. “साहेब, पुढं काय झालं?”

“गाडी आली ना.”

“कोणती गाडी? मी खिडकीतच होतो!”

“मोठी होती,” पास्टर म्हणाले आणि प्रभाकररावांच्या चपला घालून घरी गेले.

प्रभाकरराव अजून दर रविवारी विचारतात. पास्टर खुर्च्या हलवून बघतात, चहा बशीत ओततात, कोहळ्याची आणि कुकरची गोष्ट पुन्हा सांगतात. ‘परवा माझ्या मुलीने’ याच्या पुढचा शब्द त्यांनी अजून उच्चारलेला नाही.