झाडून ठेवलेली जागा

घरच्या ओट्यावरून खाली उतरायची मला भीती वाटायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. ओटा तो केवढा, गुडघ्याएवढा. आणि मी कोण, तर विमानातून उडी मारायचं शिक्षण घेणारा पलटणीतला जवान. एका उडीत उजव्या पायाचा घोटा मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि राहिलेल्या उड्या पुढच्या तुकडीबरोबर मारायला मोकळं केलं. तोवरच्या सुट्टीत मी आदिलाबादजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो होतो. शेजारच्या काकू भाकरी आणून देत, आणि मला काठी टेकत उतरताना पाहून म्हणत, "काऊन रे, आभायातून उडी मारतं म्हने तू, अन् ओट्यावून उतराले काठी लागते?" मीही हसायचो. काकू गेल्या की पुन्हा ओट्याच्या काठाशी उभं राहून खाली बघायचो आणि मागे सरकायचो. हे कोणाला सांगणार? डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

घरात मी एकटाच होतो. आई मी लहान असतानाच गेली. बाबा मी भरती झाल्यावर गेले, आणि मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते टमाटे, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे आणि आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकायचे. आता वावर बटाईनं दिलेलं आहे आणि त्यांची टोपली आढ्याला तशीच टांगलेली आहे. पलटणीत माझ्या बोलीचं कोणी नाही. तिथे मी हिंदीत बोलतो, हिंदीत हसतो, स्वप्नंसुद्धा हिंदीत पडतात. गावी आलो की पोटभर आपलं बोलून घेईन असं वाटलं होतं, पण बोलायला माणूस पाहिजे ना. संध्याकाळी चुलीपुढे बसून मी स्वतःशीच मोठ्यानं बोलायचो आणि मग माझीच मला लाज वाटायची.

लोकांना वाटतं, उडी मारणं म्हणजे छाती काढून विमानातून बाहेर पडणं. खरं म्हणजे आम्हाला आधी पडायलाच शिकवतात. कित्येक दिवस उंचवट्यावरून वाळूत पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. पाय जोडलेले, गुडघे जरा वाकलेले. आधी पाऊल टेकतं, मग पोटरी, मांडी, कुल्हा आणि पाठीची बाजू, असं अंग जमिनीवर लोळवत न्यायचं, म्हणजे आदळ एका जागी बसत नाही. विमानात आपला पट्टा वरच्या तारेला अडकवायचा, दारावरचा दिवा हिरवा झाला की बाहेर पडायचं, मनात मोजायचं आणि वर बघायचं, छत्री उघडली की नाही. दोऱ्यांना पीळ पडू शकतो. दुसऱ्याची छत्री आपल्या खाली आली तर आपली हवा जाते. काहीच उघडलं नाही तर छातीवरची दुसरी छत्री असते. हे सगळं पाठ झालं होतं. आमचे उस्ताद रोज बजावायचे, "जमीन को पैर से ढूँढना मत, वो ख़ुद आएगी." नजर समोर ठेवा, खाली बघू नका. आणि मी नेमकं तेच केलं. शेवटच्या क्षणी जमीन एकदम अंगावर आल्यासारखी वाटली, मी खाली पाहिलं आणि एक पाय पुढे ताणला. घोट्यातून आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

परत जायचा दिवस जवळ आला तसं मी ठरवून टाकलं, साहेबांना सांगायचं की मला उड्या जमणार नाहीत, माझ्या जुन्या पलटणीत धाडा. त्यात गुन्हा नाही, हे काम ज्याचं त्यानं आपल्या मर्जीनं घ्यायचं असतं. पण जाण्याआधी एक निरोप घ्यायचा राहिला होता. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, आमच्या गावची देवी पोचम्मा आहे, मोहाच्या मोठ्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. वावरातला पहिला तोडा बाबा तिच्यापुढे ठेवायचे, मगच बाजाराला न्यायचे. मी कधी मनापासून हात जोडले नव्हते. पण मला भरतीला धाडताना बाबांनी तिच्यापुढे माझं नाव घेतलं होतं, तेव्हा माघार घेतो म्हणून तिला तरी सांगून जावं असं वाटलं.

फाल्गुनातली पहाट होती, नुकतं उजाडत होतं. मी पाळीवरून काठी टेकत चाललो होतो, नजर पायाशी. इतक्यात खालून कोणी बाई ओरडली, "ए बापू, तिकून नोको येऊ, पाळ कच्ची हाय!" मी मान वर करून आवाजाकडे पाहिलं आणि त्याच वेळी पायाखालची माती सुटली. काठी हातातून गेली. पुढचं मी केलं असं मला म्हणता येत नाही. पाय आपोआप जुळले, गुडघे वाकले, पाऊल, पोटरी, मांडी, कुल्हा, पाठ, आणि मी खाली झाडाशी लोळत जाऊन थांबलो. पडलो ती उंची माणसापेक्षा जास्त होती. घोटा हलवून पाहिला, बोटं हलवली. कुठे काही झालं नव्हतं. मी तसाच पडून राहिलो आणि मला रडू आलं, का ते तेव्हा कळलं नाही.

एक म्हातारी बाई टोपली घेऊन जवळ आली. तिला मी याआधी पाहिलेलं नव्हतं. "लागलं काय रे?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग उठ नं. मोहावर लोळून राह्यला." खरंच, माझ्या अंगाखाली मोहाची फुलं होती. झाडाखालची जागा घरच्या अंगणासारखी स्वच्छ होती, पान नाही, काडी नाही, खडा नाही. मोह तोडत नाहीत, झोडपतही नाहीत. तो पहाटे आपल्या मनानं पडतो. म्हणून वेचणारे आदल्या संध्याकाळी झाडाखाली झाडून ठेवतात. हे झाड देवीचं, त्यावर कोणाचा हक्क नाही, तरी तिनं खालची जागा झाडून ठेवली होती. वेचता वेचता ती मला विचारत गेली. काय करतं, कुठं असतं. मी म्हणालो, विमानातून उडी मारतो.

"अन् खाली कोन ऱ्हायते?"

"कोनी नाई. जमीन ऱ्हायते."

"असं कसं," ती फूल फुंकून टोपलीत टाकत म्हणाली. "पडनाऱ्यासाठी कोनी तरी झाडून ठेवत असन नं."

मला एकदम आठवलं, ठेवतात. आम्ही विमानात चढायच्या कितीतरी आधी काही जवान मैदानावर जातात, वारा बघतात, दगड-काटे बघतात, खुणा मांडतात, गाडी उभी करतात. मी वरून त्यांना कधी माणसं म्हणून पाहिलंच नव्हतं. देवीपुढे मी बसलो, पण जे सांगायला आलो होतो ते सांगायचं राहून गेलं. निघताना बाई म्हणाली, "नीट उतरला की मले सांगाले येजो." माझी कोणी वाट पाहील असं बाबांनंतर मला पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. घरी आलो तो ओट्यावर चढलो आणि काठीवाचून उतरलो.

मी परत गेलो आणि उडी मारली. भीती गेली होती असं म्हणणार नाही. दाराशी उभा राहिलो तेव्हा तारेला अडकवलेला पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. पण दिवा हिरवा झाला तेव्हा मनात एवढंच होतं की खाली झाडून ठेवलं आहे. छत्री उघडली आणि सगळा आवाज थांबला. वर आभाळ, आजूबाजूला कोणी नाही. तो एकटेपणा नेहमीसारखा टोचला नाही. मी समोर झाडांच्या रांगेकडे बघत राहिलो, पाय जोडून, आणि जमीन तिच्या वेळेला आली. वाऱ्यानं छत्री मला ओढायला लागली तेव्हा एका अनोळखी जवानानं धावत येऊन तिचा काठ दाबून धरला. "सब ठीक?" त्यानं विचारलं. मी त्याचे दोन्ही हात धरले. त्याला वाटलं असेल, पोराच्या डोक्याला मार लागला.

उरलेल्या उड्याही झाल्या. छातीवर पंखांचं चिन्ह लागलं त्या दिवशी सगळे घरी फोन लावत होते. माझ्याही हातात फोन होता आणि त्यात लावण्याजोगा नंबर नव्हता. पण मला सांगायचं माणूस होतं, फक्त त्याच्याकडे फोन नव्हता.

पुढच्या मोहाच्या दिवसांत सुट्टी मिळाली तशी मी पोचलो आणि संध्याकाळीच पाळीखाली गेलो. बाई नव्हती. काकूंना विचारलं, वस्तीवर विचारलं. कोणी म्हणालं लेकीकडे गेली असेल, कोणी म्हणालं अशी बाई आम्हाला आठवत नाही. ती कोण होती याचा मी त्यानंतर शोध घेतला नाही, आणि लोकांना काय वाटायचं ते वाटो. झाडाखाली मात्र त्या वर्षी पानांचा थर साचला होता आणि आधी पडलेली फुलं त्यात काळी पडून सडली होती. मी देवीपुढे बसून आपल्या बोलीत मोठ्यानं सांगितलं, "माय, नीट उतरलो." या वेळी लाज वाटली नाही. मग घरी गेलो, खराटा आणला, आणि अंधार पडायच्या आत झाडाखालची सगळी जागा झाडून ठेवली.