बारा गोळ्यांनंतर

पासष्टची लढाई पेटली तेव्हा मी रजेवर मलकापूरला होतो. रजा रद्द झाल्याचं रेडिओवर ऐकलं आणि संध्याकाळी स्टेशन गाठलं. भीमराव आधीच येऊन बाकावर बसला होता. तो लोणारचा, एसटीने आलेला. आम्ही दोघं एकाच रणगाड्यावर, मी ड्रायव्हर आणि तो गनर. तिसरे आमचे कमांडर, रिसालदारसाहेब. ते युनिटमध्येच होते.

रणगाडा फ्रेंच होता, एएमएक्स. वजनाला हलका, पळायला चपळ, पण पोलाद पातळ. भीमरावाच्या हातात पेपर होता. त्यात एक व्यंगचित्र होतं. लांब नाकाचा फ्रेंच माणूस अमेरिका आणि इंग्लंडकडे पाठ करून बसलेला. खाली लिहिलं होतं की दोस्तांशी बिनसल्यामुळे फ्रान्स आता आपलाच. आतल्या पानावर दुसऱ्या शहाण्याने लिहिलं होतं की दोस्तांनी आपल्याला हत्यारं देणं बंद केलं तर फ्रान्सही त्यांच्याच मागे जाणार. एकाच अंकात दोन फ्रान्स. लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातं?

"आपल्याले गोये भेटतीन ना बे?" भीमरावाने विचारलं.

"भेटतीन. काऊन घाबरून राह्यला?"

"भेटले तरी भेव हायेच. भराले मलेच वर चढा लागते."

त्याचं खरं होतं. तोफेमागच्या दोन ड्रममध्ये मिळून बारा गोळे मावत. ते संपले की रणगाडा आडोशाला घ्यायचा आणि गनरने बाहेर येऊन, टपावर उभं राहून ड्रम पुन्हा भरायचे. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवून जागेवर बसायचं. सरावात हे आम्ही हसतखेळत करायचो. सरावात आपल्यावर कोणी तोफा डागत नसतं.

सीमेवर पोचल्यावर दोन दिवस नुसती हलवाहलव झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरून रणगाडे आले. भीमरावाने दोन पेटवले. मग रिसालदारसाहेबांचा आवाज कानात आला.

"बारा खत्म. पीछे लो."

मी उसाच्या फडामागे रणगाडा घेतला. तिथे गोळ्यांची गाडी उभी होती. भीमराव वर चढला. आमच्या मागे-पुढे तोफांचा मारा सुरू झाला होता. इंजिन चालू ठेवून मी कान वर लावून बसलो. गोळा ड्रममध्ये सरकला की वरून धातूचा आवाज येई. तो आवाज आला की मला श्वास घेता येई.

रेडिओवर आमच्या रणगाड्याला हाक आली, "टू चार्ली, कब तक? ओव्हर."

"आधा भर गया. ओव्हर," साहेबांनी कळवलं.

वरून पुन्हा धातूचा आवाज आला. पुन्हा आला. मग जवळच स्फोट झाला आणि माती माझ्या डोक्यावरच्या झाकणावर पडली. मी वाट पाहिली. वरून काहीच ऐकू आलं नाही. मी झाकण उघडायला हात वर नेला.

"ड्रायव्हर, अंदर रहो," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचाच आवाज आला, अगदी हळू. "भीमराव गया."

त्यांनी स्वतः वर चढून उरलेले गोळे भरले. गाडीवरचा एक जवान गनर म्हणून आत आला आणि आम्ही परत पुढे गेलो. भीमरावाला उसाच्या कडेला ठेवलं होतं. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

युद्धबंदीनंतर लोणारला त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि आतून एक पेपर आणला. आमच्या रणगाड्याचा फोटो होता आणि फ्रान्सच्या करामतीवर मोठा लेख.

"याच्यात लिवलं हाये का तुमची तोफ आपोआप भरते," ते म्हणाले. "मंग माहा पोरगा वर कायले चढला?"

मी सगळं सांगितलं. ड्रम, टप, उसाचा फड. शेवटी त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आपोआप नाई, काका," मी म्हटलं. "भीमराव भरे."